संशोधनपद्धती शिकताना: प्रत्येक नियमामागची फसगत ओळखा

आरोग्यविज्ञानाच्या पदवीला शेवटच्या टप्प्यात ‘रिसर्च मेथडॉलॉजी’ येते आणि वर्गातली बरीच मुलं ती पाठ करून मोकळी होतात. क्रॉस-सेक्शनल कशाला म्हणतात, केस-कंट्रोल कशाला म्हणतात, पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की काय लिहायचं, एवढ्यावर पेपर निघतो. मग प्रोजेक्ट सुरू होतो, सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा आधी लिहिलेला आराखडा, घेऊन गाइडसमोर बसायची वेळ येते आणि पहिलाच प्रश्न येतो: नेमकं काय शोधायचंय तुला? तिथे पाठांतर उपयोगाला येत नाही.

आता हा प्रश्न पूर्वीपेक्षा जास्त मुलांना पडणार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असलेला विद्यार्थी चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेऊ शकतो, आणि त्यात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. नर्सिंग आणि फिजिओथेरपीच्या मुलांना तर प्रोजेक्ट आधीपासून आहेच.

माझा अनुभव असा आहे की या विषयातला प्रत्येक नियम कुठल्या ना कुठल्या फसगतीवरचा उपाय आहे. नियमाची व्याख्या घोकण्याआधी ‘हा नियम पाळला नाही तर मी कुठे फसेन?’ एवढं विचारलं, तर निम्मा विषय आपसूक उलगडतो. हे दाखवायला मी गडचिरोलीतले दोन अभ्यास घेणार आहे. दोन्ही डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेचे, दोन्ही ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेले. मुद्दाम हेच घेतले, कारण चांगल्या संशोधनाला मोठी प्रयोगशाळाच लागते ही समजूत ते मोडून काढतात.

पहिला अभ्यास १९८९ सालचा. प्रश्न साधा होता: गावातल्या स्त्रियांमध्ये स्त्रीरोगांचं प्रमाण किती आहे? आपल्यापैकी बहुतेकांनी काय केलं असतं? जवळच्या रुग्णालयात गेलो असतो, ओपीडीचं रजिस्टर मागितलं असतं आणि टक्केवारी काढली असती. बंग यांच्या चमूने दोन गावं घेतली आणि गावातल्या स्त्रियांनाच तपासणीसाठी बोलावलं, तक्रार असो वा नसो. ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यातल्या ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, दर स्त्रीमागे सरासरी ३.६.

आता त्याच अभ्यासातला दुसरा आकडा बघा. या स्त्रियांपैकी पूर्वी कधीतरी स्त्रीरोग तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. म्हणजे रजिस्टर कितीही काळजीने वाचलं असतं, तरी शंभरातल्या ब्याण्णव जणी त्यात सापडल्याच नसत्या. रजिस्टर खोटं नसतं, पण दवाखान्यापर्यंत पोचलेल्यांचीच माहिती त्यात असते. याला सिलेक्शन बायस म्हणतात. तुमच्या प्रोजेक्टमध्ये तो गूगल फॉर्मच्या रूपात येतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर फॉर्म टाकला, दीडशे उत्तरं आली, पण ग्रुपमध्ये नसलेल्या, फोन नसलेल्या आणि कंटाळून फॉर्म बंद केलेल्या मुली कुठे गेल्या? उत्तरं किती आली हे सगळे लिहितात, किती जणींना विचारलं होतं हे फार थोडे लिहितात. माझ्या मते प्रोजेक्टची पहिली परीक्षा तीच आहे.

याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया ५५ टक्के होत्या. उरलेल्या ४५ टक्क्यांना काहीच त्रास जाणवत नव्हता. पण आजार तर ९२ टक्क्यांना होता. वजाबाकी करून बघा: तक्रार सांगणारी प्रत्येक स्त्री आजारी होती असं धरलं, तरी शंभरात किमान ३७ जणी अशा उरतात की ज्यांना आजार आहे पण तक्रार नाही. नुसती प्रश्नावली घेऊन गेलो असतो तर या सदतीस जणी निरोगी म्हणून मोजल्या गेल्या असत्या. ‘तुम्हाला काही त्रास आहे का?’ असं विचारून तक्रार मोजता येते, आजार मोजता येत नाही. जे मोजायचंय तेच साधन मोजतं का, याला व्हॅलिडिटी म्हणतात. व्याख्येपेक्षा ही वजाबाकी जास्त दिवस लक्षात राहते, म्हणून मी ती करायला लावते.

हा अभ्यास क्रॉस-सेक्शनल होता, म्हणजे कारण आणि परिणाम दोन्ही एकाच वेळी मोजले गेले. स्त्रियांच्या गर्भनिरोधक साधनांचा आणि या आजारांचा काही संबंध त्यात दिसला. लेखकांनी तो नोंदवला, पण त्याने आजारांचा थोडाच भाग समजतो हेही लिहिलं. हा संयम शिकण्यासारखा आहे. समजा, तुमच्या कॉलेजात जास्त चहा पिणाऱ्या मुलींमध्ये ॲनिमिया जास्त सापडला. चहामुळे लोह कमी शोषलं जातं हे खरं. पण थकवा आहे म्हणून त्या जास्त चहा पीत असतील तर? किंवा सकाळी नाश्त्याची सोय नाही म्हणून चहावर भागवत असतील, आणि खरं कारण उपाशीपण असेल तर? शेवटच्या शक्यतेला कन्फाउंडिंग म्हणतात: तिसरीच गोष्ट दोन्हींच्या मागे उभी असते. एकदाच केलेल्या सर्वेक्षणातून ‘मुळे’ हा शब्द लिहायचा नाही, ‘संबंध आढळला’ इथेच थांबायचं.

दुसऱ्या अभ्यासात प्रश्नाची जात बदलते. १९९९ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी नवजात बाळांच्या मृत्यूवर होती. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यसेविकेने घरी जाऊन बाळाची काळजी घेतली, जंतुसंसर्ग ओळखून तिथेच उपचार केले, तर मृत्यू कमी होतात का? या वाक्यात चार गोष्टी आहेत: कोणावर, काय केलं, कशाच्या तुलनेत आणि कुठल्या परिणामासाठी. पाठ्यपुस्तकात याला पिको म्हणतात. सिनॉप्सिस लिहिताना बहुतेक जण तिसरी गोष्ट विसरतात. ‘योगाचा पाळीच्या वेदनांवर परिणाम’ असं शीर्षक येतं, आणि कशाच्या तुलनेत म्हटलं की शांतता. पाळीच्या वेदना महिन्यागणिक आपोआपही कमीजास्त होतात. ज्या महिन्यात सर्वात जास्त दुखलं, त्याच महिन्यात मुलगी तुमच्या अभ्यासात आली असेल, तर पुढच्या महिन्यात काहीही न करता तिला बरं वाटण्याची शक्यता मोठी.

गडचिरोलीत ३९ गावांमध्ये घरोघरी सेवा दिली गेली आणि ४७ गावं तुलनेसाठी होती. गावं चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती, म्हणजे ही रँडमाइज्ड चाचणी नव्हती. मग सेवेची गावं मुळातच बरी होती असा आक्षेप येऊ शकतो. त्यावरची तजवीज आधीच केलेली होती: सेवा सुरू होण्यापूर्वी १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षं दोन्हीकडे नुसते जन्म आणि मृत्यू मोजले. हजार जिवंत जन्मांमागे नवजात मृत्यूंचा दर सेवेच्या गावांत ६२ होता आणि तुलनेच्या गावांत ५८. थोडक्यात, दोन्हीकडची सुरुवात जवळपास सारखी होती, सेवेची गावं उलट किंचित मागे होती.

सेवेच्या तिसऱ्या वर्षी त्या गावांत हा दर २५.५ वर आला. ६२ वरून २५.५, म्हणजे सुमारे ५९ टक्के घट. पण शोधनिबंधात आकडा आहे ६२.२ टक्के. हा फरक कुठून आला, हे कागदावर करून बघण्यासारखं आहे. त्यांनी निव्वळ घट दिली आहे, म्हणजे तुलनेच्या गावांत त्याच काळात काय झालं ते हिशेबात धरून. निव्वळ घट जास्त आहे याचा अर्थ तुलनेच्या गावांत दर कमी झालाच नव्हता, किंचित वाढला होता. उलट झालं असतं, म्हणजे रस्ता झाला, पाऊसपाणी बरं झालं आणि दोन्हीकडे मृत्यू कमी झाले असते, तर नुसती आधी-नंतरची तुलना करणाऱ्याने ते सगळं श्रेय आपल्या उपायाला दिलं असतं. तुलनागट ठेवायचा तो यासाठी.

आणि एक बारीक गोष्ट, जी वाचताना सहज सुटते. जन्म-मृत्यूंची नोंद सेवा देणाऱ्या आरोग्यसेविकांनी केली नाही. ते काम वेगळ्या कार्यकर्त्यांकडे होतं, आणि तेच दोन्ही प्रकारच्या गावांत केलं जात होतं. आपण जिवापाड जपलेलं बाळ गेलं तर ते ‘मृत जन्मलं’ असं लिहिण्याचा मोह माणसाला होऊ शकतो, तोही नकळत. तसं लिहिलं की नवजात मृत्यू एकने कमी होतो. त्यांनी पेरिनेटल मृत्युदरही मोजला, म्हणजे मृतजन्म आणि जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातले मृत्यू एकत्र धरून, आणि तोही ७१ टक्क्यांनी घटलेला होता. म्हणजे मृत्यू एका रकान्यातून दुसऱ्यात सरकवले गेले असावेत, ही शंकाच उरत नाही. मला या सगळ्या अभ्यासात हीच गोष्ट सर्वात देखणी वाटते. तुमच्या प्रोजेक्टमध्ये हे सहज जमतं: व्यायाम तुम्ही शिकवा, वेदनेचा स्कोअर मात्र मैत्रिणीला घ्यायला सांगा, आणि कोण कुठल्या गटात आहे हे तिला सांगू नका.

रँडमायझेशन शक्य असेल तिथे मात्र ते करावं. क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची १९४८ साली प्रसिद्ध झालेली ब्रिटिश चाचणी त्याचा जुना नमुना आहे. औषधाचा साठाच अपुरा होता, त्यामुळे काहींना ते न मिळणं टळणारं नव्हतं. कोणाला मिळेल हे यदृच्छेवर सोडलं आणि बंद पाकिटांतून गट ठरवला. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ रुग्ण दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. पाकीट बंद होतं हे महत्त्वाचं, कारण पुढचा गट कुठला हे डॉक्टरला आधी कळलं तर तो आपल्या जिवाभावाच्या रुग्णाला हव्या त्या गटात बसवू शकतो. एकाआड एक रुग्ण घेणं किंवा सोमवारी आलेले एका गटात, मंगळवारी आलेले दुसऱ्या गटात, हे रँडमायझेशन होत नाही ते त्याचमुळे.

आता आकडेशास्त्र, ज्याला मुलं सर्वात जास्त घाबरतात. गडचिरोलीच्या चाचणीतलाच आणखी एक निष्कर्ष घेऊ. नवजात बाळांच्या जंतुसंसर्गात मृत्यूचं प्रमाण उपचार सुरू होण्यापूर्वी १६.६ टक्के होतं, नंतर २.८ टक्के. टक्केवारी दिसली की आधी ती माणसांत बदलून घ्यायची सवय लावा. पूर्वी १६३ बाळांपैकी २७ गेली, नंतर ७१ पैकी २. दोन म्हटल्यावर मनात शंका येते: आणखी दोन-तीन बाळं गेली असती तर? ही शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर कॉन्फिडन्स इंटर्व्हल देतो, म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा. ७१ पैकी २ यावरून खरं प्रमाण साधारण ०.३ ते १० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. १६३ पैकी २७ यावरून साधारण ११ ते २३. दोन्ही पट्टे एकमेकांना शिवत नाहीत, म्हणजे नेमका आकडा डळमळीत असला तरी घट पक्की आहे. नुसती पी-व्हॅल्यू लिहिली असती तर यातलं ‘डळमळीत’ आणि ‘पक्की’ दोन्ही दिसलं नसतं.

पी-व्हॅल्यूचा अर्थ एवढाच: उपायाने खरोखर काहीच फरक पडत नसेल, तर निव्वळ योगायोगाने इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती. उपाय खरा असण्याची शक्यता ती सांगत नाही, फरक मोठा आहे की नगण्य तेही सांगत नाही. शिवाय वीस वेगवेगळ्या तुलना केल्या तर त्यातली एखादी योगायोगानेच ०.०५ च्या खाली येणं अगदी स्वाभाविक आहे. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीत १७,१८७ हृदयविकाराच्या रुग्णांवर ॲस्पिरिनचा फायदा स्पष्ट दिसला. मग संशोधकांनी रुग्णांची जन्मरास पाहून गट पाडले, तर मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा किंचित तोटाच होताना दिसला! उपगट पाडत गेलं की काय निघू शकतं, हे दाखवण्यासाठी त्यांनी ते मुद्दाम छापलं. म्हणून मुख्य परिणाम कुठला हे सिनॉप्सिसमध्येच लिहून ठेवायचं. डेटा हातात आल्यावर वय, शाखा, होस्टेल, रक्तगट असं काय काय लावून बघायचं आणि जे ‘सिग्निफिकंट’ येईल त्याला उद्दिष्ट म्हणायचं, हे करू नका.

सॅम्पल साइझचा प्रश्न आला की बहुतेक विभागांत एकच सूत्र पुढे येतं: चार पी क्यू भागिले एल वर्ग. पी म्हणजे अपेक्षित प्रमाण, क्यू म्हणजे शंभरातून उरलेलं, एल म्हणजे चालण्याजोगी चूक. सूत्र ठीक आहे, घोटाळा एलमध्ये होतो. एखाद्या आजाराचं प्रमाण २० टक्के धरा. एल १० ठेवला, म्हणजे उत्तर १० ते ३० टक्क्यांत कुठेही आलं तरी चालेल असं म्हटलं, तर ६४ जण पुरतात. एल ५ ठेवला तर २५६. आणि कोणी ‘१० टक्के चूक’ याचा अर्थ वीसच्या दहा टक्के, म्हणजे २, असा घेतला तर १६०० लागतात. तिघांनीही प्रबंधात ‘एल = १० टक्के’ किंवा ‘५ टक्के’ एवढंच लिहिलेलं असतं. किती मुली मिळतील ते आधी ठरवून त्याला शोभेल असा एल मागून बसवणं सर्रास चालतं. त्यापेक्षा ‘तीन महिन्यांत शंभर जणीच शक्य आहेत, त्यामुळे प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तरात दहा टक्के इकडेतिकडे होईल’ असं सरळ लिहिलेलं मला जास्त विश्वासाचं वाटतं.

मोजमापाबद्दल थोडंच सांगते. साहलीच्या नळीने हिमोग्लोबिन मोजताना रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो, त्यामुळे दोन मुलींनी एकच नमुना वाचला तरी आकडा वेगळा येतो. पाहणीला निघण्याआधी दोघींनी एकमेकींना न सांगता तेच दहा-पंधरा नमुने वाचून बघावेत. बोटातलं रक्त आणि शिरेतलं रक्त यांचे आकडेही तंतोतंत सारखे येत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये ॲनिमिया आढळला, तो बोटातल्या रक्तावर. तुम्ही शिरेतलं रक्त मशीनवर तपासून ४० टक्के काढलेत, तर ‘आमच्याकडे परिस्थिती बरी आहे’ असं लिहिण्याआधी हा फरक आठवायला हवा.

मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या सहभागींच्या नोंदींचा एकत्र तक्ता, भरताना एका रकान्यात एकच प्रकारची नोंद. ‘११.२’, ‘११.२ ग्रॅम’, ‘केली नाही’ आणि शून्य हे सगळं हिमोग्लोबिनच्या एकाच रकान्यात असलं की सरासरी काढताना ते शून्य गुपचूप मिसळतं. तपासणी झाली नसेल तर जागा रिकामी सोडा आणि का झाली नाही ते शेजारच्या रकान्यात लिहा. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, दुरुस्त्या प्रतीवर करा.

काही प्रश्न मात्र मोजून सुटत नाहीत. लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात, तरी गरोदर बाई त्या का घेत नाही? सर्वेक्षण सांगेल की इतक्या टक्के जणी घेत नाहीत. मळमळ होते, शौचाला काळं होतं, बाळ मोठं होऊन बाळंतपण अवघड जाईल असं सासूबाई म्हणतात, हे तिच्या शेजारी निवांत बसून ऐकल्यावरच कळतं. अशा मुलाखतींना सूत्राने काढलेली संख्या लागत नाही. नवं काही निघणं थांबेपर्यंत बोलत राहायचं. पण याचा अर्थ ते सोपं आहे असा नाही. संभाषण शब्दशः उतरवून काढणं, दोघींनी स्वतंत्रपणे अर्थ लावणं आणि मग ताडून बघणं, यात आठवडेच्या आठवडे जातात. ‘आकडेमोड नको म्हणून क्वालिटेटिव्ह’ असं ठरवलं असेल तर पुन्हा विचार करा.

एथिक्स कमिटीची मंजुरी डेटा कलेक्शन सुरू होण्याआधी लागते, मागाहून घेता येत नाही. हस्तक्षेपाची, म्हणजे एखादा उपाय करून बघणारी चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात नोंदणीही पहिला सहभागी घेण्याआधी करायची. मुलं याला कागदपत्रांचा जाच समजतात. पण मुख्य परिणाम आधी जाहीर केला की नंतर तो सोयीने बदलता येत नाही, म्हणजे वरच्या राशींच्या फसगतीवरचा हाही एक उपाय आहे.

संमतिपत्र सहभागीच्या भाषेत हवं आणि वाचून दाखवायला हवं, हे सगळ्यांना माहीत असतं. ज्युनिअर मुलीला ‘नाही’ म्हणता येईल अशी सोय आहे का, हे कोणी बघत नाही. वर्गावर मॅडम असताना फॉर्म वाटले तर एकही मुलगी नकार देत नाही, आणि ती संमती खरी नसते. फॉर्म दुसऱ्या कोणी द्यावेत, घरी नेऊ द्यावेत, कोरा परत आला तर कारण विचारू नये.

आणि ॲनिमियावर प्रोजेक्ट करणार असाल तर सिनॉप्सिसमध्ये एक परिच्छेद आजच लिहून ठेवा: कोणाचं हिमोग्लोबिन ८ च्या खाली आलं तर काय करणार. ती तीव्र ॲनिमियाची पातळी आहे. शंभर मुली तपासल्या तर अशी एखादी सापडू शकते. तिला त्याच दिवशी एकटीला भेटून कोण सांगणार, कुठल्या ओपीडीला पाठवणार, सोबत कोण जाणार, पुढच्या महिन्यात पुन्हा कोण विचारणार, हे नावानिशी ठरलेलं असावं. बाकीच्या नव्व्याण्णव जणींनाही आपापला आकडा मराठीत लिहिलेल्या चिठ्ठीवर, बंद पाकिटात मिळायला हवा. रक्त त्यांचं आहे.